रीलमधली पितळी पुंगळी आपल्या कामाची आहे का?

स्वप्नील कुसाळेनं ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून माझ्या फीडवर रायफलच रायफल. परवा कान्ह्याहून लोकलनं येताना एक रील पाहिली. अमेरिकेतला एकजण काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायला निवडत होता: एकाच लॉटच्या, सारख्या वजनाच्या, तोंडाशी चीर नसलेल्या. त्याचं बरोबरच आहे. 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्ताचं हे पितळ गोळी सुटताना फुगतं. वारंवार वापरलं की कडक होऊन तडकतं.

पण स्वप्नीलच्या .22 ला हे लागूच नाही! तिचा पेटता मसाला पुंगळीच्या कडेत असतो, पिन ती कडच चेपते. एकदा उडाली की संपली.

शिवाय आपल्याकडे लायसन्सशिवाय काडतूस भरणं आर्म्स ॲक्ट 1959 नुसार गुन्हा आहे, आणि त्या कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळाच. रेंजवरची पुंगळी आठवण म्हणून खिशात टाकण्याआधी तिथं विचारा.