थंडी आली तरी या, पण बेत बदलून या

डिसेंबर संपत आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. न्यू जर्सीच्या वहिनी, डॅलसचा मावसभाऊ, कधी थेट पिंपळगाव बसवंतहून कुणीतरी. सगळ्यांचा प्रश्न एकच. "मुलांना डिस्नी दाखवायचं ठरलंय. विमान, हॉटेल, तिकिटं, सगळं झालंय. आणि आता म्हणतात फ्लोरिडात पारा शून्याजवळ जाणार. येऊ की नको?" मी ऑरलँडोच्या पश्चिमेला राहते, त्यामुळे हा निर्णय माझ्यावर टाकून लोक मोकळे होतात. माझं मत ठाम आहे. या. पण घरी बसून आखलेला बेत जसाच्या तसा घेऊन येऊ नका. आणि यायचं की नाही, हे ज्याने तिकिटं काढली त्याने एकट्याने ठरवू नये. घरात ज्याला थंडी सगळ्यात आधी बाधते, त्याच्याकडे बघून ठरवावं.

जानेवारीत इथं दुपारी साधारण २२ अंश सेल्सिअस असतं, पहाटे नऊ-दहा. म्हणजे नाशिकची सुखाची थंडी. पण फ्लोरिडा सपाट आहे आणि कॅनडाकडून उतरणारी गार हवा अडवायला वाटेत आडवा डोंगर नाही. आधी पाऊस पडून जातो, मग वारा फिरून उत्तरेचा होतो, आकाश लख्ख निघतं. वारा पडला की त्या रात्री पारा धाडकन खाली येतो. बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत ऊब परतते. क्वचित थंडी मुक्काम ठोकते. २०१० च्या जानेवारीत ती दीड आठवडा हटली नव्हती.

"एवढ्याशा थंडीचं काय घेऊन बसलीस, आम्ही बर्फात राहतो," असं न्यू जर्सीवाले म्हणतात. तिथं माणूस गरम घरातून गरम गाडीत बसतो आणि गरम मॉलमध्ये उतरतो. इथं सकाळपासून रात्रीपर्यंत उघड्यावर राहायचं असतं. मॅजिक किंगडमला गाडी लावली की तळ्यापलीकडे जावं लागतं, मोनोरेलने नाहीतर बोटीने. त्या बोटीच्या कठड्याशी उभं राहून बघा, वारा स्वेटरच्या विणीतून आत शिरतो. पुढे रांगा, त्याही सावलीतल्या. शिवाय फ्लोरिडाला चाललोय म्हणून जाड कोट घरच्या कपाटातच राहिलेले असतात.

मी निफाड तालुक्यातली. आमच्याकडे हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून येतो आणि चार-पाच अंश वाचले की द्राक्ष बागायतदारांची झोप उडते. रात्री बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक सुरू होतं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं. मणी तडकले तर वर्षाची मेहनत गेली. ऑरलँडोला आले तेव्हा जुन्या शेजाऱ्यांकडून कळलं, हा मुलूखही असाच रात्री जागणारा होता. इथं संत्र्यांच्या बागा होत्या. कडाक्याच्या रात्री शेतकरी झाडांवर पाण्याचे फवारे सोडत. पाणी गोठताना उष्णता सोडतं. फवारा न थांबता चालू राहिला तर बर्फाच्या आतलं झाड शून्याच्या आसपास तग धरतं. तरीही १९८३ चा डिसेंबर, १९८५ चा जानेवारी आणि १९८९ चा डिसेंबर या तीन थंड्यांनी इथल्या बहुतेक बागा संपवल्या. बागायतदार दक्षिणेकडे सरकले, जमिनी घरांसाठी विकल्या गेल्या. आमची वस्तीही अशाच एका जुन्या बागेच्या जमिनीवर उभी आहे. म्हणून फ्लोरिडाच्या थंडीला कुणी किरकोळ म्हटलेलं मला चालत नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती बरोबर आलेल्या आईवडिलांची. मुलाने बोलावलं म्हणून ते सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आलेले असतात. त्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "आमचं काय, आम्हाला सगळं चालतं. नातवंडांचा हिरमोड नको." या उत्तरावर कृपा करून विश्वास ठेवू नका. आपल्याकडची ती पिढी स्वतःच्या त्रासाबद्दल कधीच खरं बोलत नाही, त्यातून मुलाने डॉलर मोजले असतील तर मुळीच नाही.

माझे चुलत सासरे, अण्णा, पिंपळगावला बाग करतात. ते आणि काकू आले त्या आठवड्यात अशीच थंडीची लाट आली होती. रात्रीची आतषबाजी बघायला मॅजिक किंगडमच्या किल्ल्यासमोर चांगली जागा मिळावी म्हणून सगळे तासभर आधीच उभे राहिले. अण्णांच्या अंगात हातविणीचा अर्धा स्वेटर, वर मुलाचं सैल जाकीट, कानाला मफलर. चेहरा हसरा. मी सहज त्यांचा हात हातात घेतला तर बोटं लाकडासारखी ताठ झालेली आणि नखं निळसर. "अण्णा, निघू या का?" तर म्हणाले, "अगं, बागेत याच्याहून गार असतं." असतं, पण बागेत शेकोटी असते आणि अण्णा तिथं चालते-फिरते असतात. इथं ते गर्दीत एका जागी खिळून उभे होते. आतषबाजी सुरू व्हायच्या आत त्यांना आणि काकूंना घेऊन मी निघाले. मुलं, नातवंडं मागे थांबली. कुणाचाही हिरमोड झाला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुपारी बाराला घर सोडलं आणि डिस्नीच्याच एपकॉट पार्कला गेलो. तिथं लँड नावाच्या दालनात बोटीत बसवून काचघरांमधून फिरवून आणतात. मुळं हवेत लोंबकळताहेत, मातीचा पत्ता नाही, टोमॅटोची वेल डोक्यावर पसरलेली. अण्णा बोटीत अर्धे उठून बसले. "मांडव केलाय बघ, मांडव!" असं दोनदा म्हणाले. काकूंना फणस दिसला. उतरल्यावर अण्णा सरळ पुन्हा त्याच रांगेत जाऊन उभे राहिले, खत कसं देतात ते नीट बघायचं राहिलं म्हणून. ऊबदार, बसून बघायची, कुणालाही न दमवणारी अशी ठिकाणं या पार्कांत भरपूर आहेत. आपण ती 'वेळ उरला तर' या यादीत टाकतो. थंडीच्या दिवशी ती यादीत वर आणा.

बाकी थंडी स्वतःच बरंच ठरवून टाकते. वॉटर पार्क बंद राहतात. थंडी फारच असेल तर काही मोठे रोलर कोस्टरही थांबवतात, कारण चाकांवरचं प्लॅस्टिक आणि आतलं ग्रीस कडक होतं आणि गाडीला वेग पुरत नाही. त्यासाठी रुसू नये. नाताळचा आठवडा सोडला तर अशा दिवशी रांगा आखूड असतात, हा मोठाच फायदा.

आणि एक दिवस पार्क सोडून द्याच. ऑरलँडोपासून तासाभराच्या आत ब्लू स्प्रिंग नावाचं सरकारी उद्यान आहे. तिथल्या झऱ्याचं पाणी बारा महिने २२ अंशांवर असतं. सेंट जॉन्स नदी गारठली की समुद्रगायी या झऱ्यात ऊब घ्यायला येतात. जितकी थंडी कडक, तितकी त्यांची दाटी. काठाने लाकडी वाट बांधलेली आहे, तिच्यावरून आजी-आजोबांना सावकाश चालता येतं आणि खाली नितळ पाण्यात ती म्हशीएवढी धूड जनावरं पिलांना शेजारी घेऊन संथ पडलेली दिसतात. सकाळी लवकर जावं, आत जागा भरली की फाटक बंद करतात. ऐन उबदार हवेत आलेल्यांच्या नशिबात हे नसतं.

तिकिटांचे पैसे वाया जातील, ही ओरड मला दर वर्षी ऐकू येते. पैसे खर्च झालेले आहेत. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत सगळ्यांना गारठवून ते वसूल होत नाहीत. उलट एक माणूस तापाने पडला की अमेरिकेतल्या दवाखान्याचं बिल काय येतं, हे इथं राहणाऱ्यांना मी सांगायला नको. आईवडिलांचा प्रवास विमा कितपत कामाला येईल, याचा भरवसा कुणी देत नाही. निघायच्या तीन दिवस आधी तासातासाचा अंदाज बघा, तो बऱ्यापैकी खरा ठरतो. नुसता पारा बघू नका, वाराही बघा. मग कुठला दिवस बाहेर, कुठला आत, कुठल्या संध्याकाळी घरी, ते ठरवा. कोट बॅगेत भरा, हातमोजे भरा, थर्मासमध्ये चहा भरा.

काही जणांना मात्र मी स्पष्ट 'नको' सांगते. घरात तान्हं बाळ आहे, कुणाला दमा आहे, किंवा मुलांनी सारी सहल पाण्याच्या घसरगुंड्यांसाठीच मागितली आहे, त्यांनी या लाटेत येऊ नये. तिकिटाची तारीख पुढे ढकलून मिळते का, हे आजच विचारून घ्यावं आणि मार्चच्या सुरुवातीला, शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी उसळायच्या आत यावं. आमची वरची खोली तेव्हाही रिकामीच असते.