धावपटूचे बूट : वजन, मोल आणि विवेक

वाराणसी म्हटले की मराठी मनापुढे गंगेचे घाट उभे राहतात. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आली असल्याने ही नगरी महाराष्ट्राला कधी परकी वाटली नाही. मात्र या नगरीची आणखी एक ओळख आहे आणि ती पायांशी निगडित आहे. मणिकर्णिकेवर संकल्प सोडून कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा असे पाच मुक्काम करीत भाविक पंचक्रोशीची परिक्रमा पूर्ण करतात. सुमारे ८० किलोमीटरची ही वाट परंपरेने अनवाणी चालण्याची आहे. महाशिवरात्रीला तर असंख्य तरुण हे संपूर्ण अंतर एकाच दिवसात, चालत आणि धावत, पार करतात. त्यांच्या पायांत काहीही नसते.

त्याच नगरीत पहाटे बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या वृक्षाच्छादित रस्त्यांवर वेगळे दृश्य दिसते. आरोग्यासाठी धावणारे प्राध्यापक, निवृत्त अधिकारी आणि व्यापारी तेथे असतात. तसेच सैन्य वा पोलीस भरतीची तयारी करणारे खेड्यापाड्यांतील तरुणही असतात. पहिल्या गटाच्या पायांत अनेकदा अत्याधुनिक बूट असतात, तर दुसऱ्या गटाच्या पायांत झिजलेले कॅनव्हासचे. या दोन्ही गटांना आज एकच प्रश्न पडू लागला आहे. शर्यतीसाठी बनवलेले वजनाने अत्यंत हलके आणि किमतीने अत्यंत जड असे बूट घ्यावेत की न घ्यावेत? प्रश्न वरकरणी किरकोळ भासतो. परंतु त्यात कुटुंबाची मिळकत, शरीराचे स्वास्थ्य आणि काही तरुणांच्या बाबतीत संपूर्ण भवितव्य गुंतलेले असते.

दीर्घ पल्ल्याच्या धावण्याचा भारतीय इतिहास अनवाणी पायांनीच आरंभला. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धेत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यातूनच भारतीय खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्याच्या कल्पनेने मूळ धरले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावे स्थान मिळविले. पुढे बिहारच्या शिवनाथ सिंह यांनी १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये अकरावा क्रमांक पटकावला. १९७८ मध्ये त्यांनी जालंधर येथे नोंदविलेला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. ज्या काळात हा विक्रम झाला, त्या काळात आजच्यासारखे बूट अस्तित्वातच नव्हते. वाराणसी जिल्ह्यातील बबियाव या गावचे रामसिंह यादव यांनी २०१२ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये २ तास १६ मिनिटे ५९ सेकंद अशी वेळ देऊन लंडन ऑलिंपिकची पात्रता गाठली. गंगाकाठच्या एका खेड्यातून ऑलिंपिकपर्यंतचा हा प्रवास आजच्या कार्बनपट्टीच्या बुटांचे युग अवतरण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

याचा अर्थ बुटांना महत्त्व नाही असा काढणे मात्र अन्यायाचे होईल. इथिओपियाचे अबेबे बिकिला यांनी १९६० मध्ये रोमच्या रस्त्यांवर अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले, ही कथा सर्वश्रुत आहे. मात्र १९६४ साली टोकियोत त्यांनी पुन्हा सुवर्णपदक जिंकले ते बूट घालून, आणि २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातही असे आढळले की हलक्या, मऊ तळाच्या बुटांपेक्षा अनवाणी धावण्यात ऊर्जेची कोणतीही बचत होत नाही. अनवाणीपणाचा अट्टाहास जसा अशास्त्रीय, तसाच सर्वांत महाग बुटांचा हव्यासही अशास्त्रीयच होय.

हलकेपणाचा लाभ किती, याचे उत्तर विज्ञानाने बऱ्यापैकी नेमके दिले आहे. प्रत्येक बुटाचे वजन १०० ग्रॅमने वाढले की धावण्यास लागणारी ऊर्जा सुमारे १ टक्क्याने वाढते. सरावाचा सामान्य बूट २५० ते ३०० ग्रॅमचा, तर शर्यतीचा बूट २०० ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे चार तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या हौशी धावपटूला केवळ वजनाच्या फरकाने फार तर दोन मिनिटांचा लाभ संभवतो. आठवड्यातून एक दिवस सराव चुकवला नाही, तर यापेक्षा अधिक लाभ सहज पदरात पडतो.

२०१७ पासून बाजारात आलेल्या नव्या पिढीच्या बुटांनी हे गणित काहीसे बदलले. जाड पण अत्यंत हलका फोम आणि त्यात बसविलेली कार्बनची कडक पट्टी यांमुळे निष्णात धावपटूंची ऊर्जा सरासरी ४ टक्क्यांनी वाचते, असे प्रयोगशाळेत दिसून आले. परिणामी वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेला २०२० मध्ये नियम करावा लागला. रस्त्यावरील शर्यतीच्या बुटाचा तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नसावा आणि त्यात एकाहून अधिक कडक पट्ट्या नसाव्यात, असे ठरले. २०२३ च्या बर्लिन मॅरेथॉनमध्ये इथिओपियाच्या तिगिस्त असेफा यांनी २ तास ११ मिनिटे ५३ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्यांच्या पायांतील बुटाचे वजन होते अवघे १३८ ग्रॅम आणि जोडाची किंमत ५०० डॉलर.

परंतु ४ टक्के हा आकडा वेगवान धावपटूंचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ताशी १२ किलोमीटर वेगाने धावणाऱ्यांचा लाभ सरासरी दीड टक्क्यापेक्षा कमी, तर ताशी १० किलोमीटर वेगाच्या धावपटूंचा लाभ १ टक्क्याच्याही आत राहिला. काहींना तर उलट तोटाच झाला. त्याच वर्षी क्रीडावैद्यकातील तज्ज्ञांनी कार्बनपट्टीचे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या पावलातील नॅव्हिक्युलर या हाडाच्या दुखापतींची नोंद करून, असे बूट हळूहळू अंगवळणी पाडावेत असा इशारा दिला. भरतीची तयारी करणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने हा इशारा विशेष गंभीर आहे. हाडाला तडा गेल्यास अनेक महिने वाया जातात आणि भरतीची वयोमर्यादा कोणासाठी थांबत नाही.

आता प्रश्न हिशेबाचा. बँकेच्या ग्राहकाला हिशेबाची भाषा अपरिचित नाही. उदाहरणादाखल, ४,००० रुपयांचा सरावाचा बूट ६०० किलोमीटर टिकला, तर दर किलोमीटरला सात रुपयांहूनही कमी खर्च येतो. २०,००० रुपयांचा शर्यतीचा बूट ३०० किलोमीटरमध्येच निस्तेज झाला, तर हाच खर्च सदुसष्ट रुपयांच्या घरात जातो. जो खेळाडू पारितोषिकासाठी वा निवडीसाठी धावतो, त्याच्या दृष्टीने हा खर्च समर्थनीय ठरू शकतो. मात्र केवळ पदकासह छायाचित्र काढण्यासाठी धावणाऱ्याने क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर असे बूट घेणे म्हणजे अंथरूण न पाहता पाय पसरणेच होय. हप्ते संपण्याआधी बुटाचा तळ संपावा, यासारखा विनोद नाही.

मग निवड कशी करावी? प्रथम पाय पाहावा, मग बूट आणि सर्वांत शेवटी वजन. दिवसभराच्या हालचालीने पाय किंचित फुगतात, म्हणून खरेदी सायंकाळी करावी आणि धावताना वापरायचे मोजे घालूनच बूट पायांत चढवावा. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. बालपण अनवाणी गेलेल्यांनी चवड्याच्या रुंदीकडे विशेष लक्ष द्यावे. मणिपालच्या डॉक्टरांनी २,३०० मुलांची तपासणी करून १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बूट वापरणाऱ्या मुलांमध्ये सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांमध्ये २.८ टक्के आढळले होते. मोकळ्या वाढलेल्या अशा पायाला शर्यतीचा अरुंद बूट जाचतो.

त्यानंतर जमीन पाहावी. वाराणसीतच घाटाच्या दगडी पायऱ्या, विद्यापीठाचा डांबरी रस्ता आणि गंगेपलीकडची वाळू असे तीन प्रकार एका सकाळी अनुभवता येतात. उंच, मऊ तळाचा शर्यतीचा बूट डांबरावर शोभतो. ओल्या दगडावर तोच घोटा मुरगळण्यास कारण ठरू शकतो. दोन साधे जोड आलटूनपालटून वापरणे अधिक श्रेयस्कर. लक्झेंबर्गमधील २६४ धावपटूंच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एकाहून अधिक जोड वापरणाऱ्यांमध्ये दुखापतींचा धोका ३९ टक्क्यांनी कमी दिसला. हलका बूट घ्यायचाच असेल, तर तो तिसरा जोड असावा. शर्यतीपूर्वी काही आठवडे थोड्या थोड्या अंतराने त्याची सवय करावी. शर्यतीच्या दिवशी कोरा बूट पायांत घालणे हा सर्वांत महाग धडा ठरतो.

या विषयाला एक सामाजिक बाजूही आहे. अलीकडे गावोगावी मॅरेथॉन भरतात. बँका, कंपन्या, संस्था त्यांना उदार आश्रय देतात. टी-शर्ट, पदके, कमानी यांवर मोठा खर्च होतो. त्यातील अल्पसा वाटा जिल्ह्यातील गुणी, गरजू धावपटूंना पायाचे माप घेऊन सरावाचे दोन चांगले जोड देण्यासाठी राखून ठेवला, तर त्याचे मोल पदकांहून निश्चित अधिक ठरेल. माप घेऊन नवे बूट देण्याचा आग्रह येथे हेतुपुरस्सर आहे. वापरलेला बूट मूळ मालकाच्या पावलाचा आकार घेतो आणि दान म्हणून दिलेला जुना जोड घेणाऱ्याच्या पायाला कित्येकदा अपायच करतो.

स्पर्धा पायांची असावी, पाकिटांची नसावी, हे खेळाचे मूळ तत्त्व आहे. पंचक्रोशीच्या वाटेवर धनिक आणि निर्धन एकाच धुळीतून अनवाणी चालतात. धावण्याच्या वाटेवर तशी समता पूर्णतः आणता येणार नाही; पण खरेदी करताना थोडा विवेक आणि मदत करताना थोडे औचित्य बाळगले, तर विश्वविद्यालयाच्या त्या पहाटेच्या रस्त्यावर झिजलेल्या कॅनव्हासमध्ये धावणारा एखादा तरुण पाय न दुखावता भरतीच्या मैदानापर्यंत पोहोचेल. वीस हजारांच्या बुटाने वाचणाऱ्या दोन मिनिटांपेक्षा ही कमाई खचितच मोठी आहे.