आधी धूर बघा, मग पाना उचला

निफाडच्या थंडीत पहाटे डिझेल गाडी सुरू झाली नाही की गॅरेजवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "बॅटरी बसली, बदलून टाका." गेल्या पौषात ते ऐकून मी साडेसहा हजार मोजले. गाडी तशीच. मग सेल्फ खोलला, कार्बन बदलले. तरी तशीच. तिसऱ्या दिवशी पंप उतरवायची भाषा सुरू झाली, तेव्हा मी गाडी ओढत घरी आणली. तीन दिवसांत एकानेही सायलेन्सरकडे पाहिलं नव्हतं. याला दुरुस्ती म्हणायला मी तयार नाही. ही गिऱ्हाइकाच्या पैशांवर चाललेली आंधळी कोशिंबीर आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा-वीस पट दाबतो, ती पाचशे अंशांच्या आसपास तापते आणि नोझलमधून उडालेलं डिझेल त्या धगीने पेटतं. पहाटे गारठलेलं लोखंड ही धग खाऊन टाकतं, म्हणून तर प्रत्येक सिलिंडरला हीटर प्लग दिलेला असतो. सेल्फ रडतखडत फिरत असेल तर बॅटरी, अर्थिंग, घट्ट झालेलं ऑइल बघा. जोरात फिरतोय आणि मागून धूरच नाही? डिझेल पोचत नाही. लाइनने रात्रीत एअर घेतली असेल, फिल्टरात पाणी साचलं असेल. आणि सेल्फ जोरात, वर डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. आधी हीटर तपासा, ते ठीक असतील तर कॉम्प्रेशन. हे कळायला पाना लागत नाही, गाडीच्या मागे जाऊन उभं राहावं लागतं.

माझी गाडी पहिल्या पहाटेपासून पांढरा धूर ओकत होती. अंगणात मी हीटरांना जोडणारी पट्टी सोडवली, टेस्ट लॅम्पची वायर बॅटरीच्या प्लसला लावली आणि टोक एकेका हीटरच्या डोक्यावर टेकवलं. पहिला, अंधार. दुसरा, अंधार. तिसऱ्यावर बल्ब लख्ख पेटला. चौथा पुन्हा अंधार. चारातले तीन मेलेले! डॅशबोर्डवरचा कॉइलच्या खुणेचा पिवळा दिवा मात्र रोज पेटत होता. जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त वेळ मोजतो, हीटर तापल्याची खात्री देत नाही. हे मेकॅनिकला ठाऊक नसेल तर त्याने डिझेल गाडीला हात लावू नये.

याहून जास्त संताप येतो तो ईथरचा स्प्रे मारणाऱ्यांचा. तापलेल्या हीटरवर ईथर गेलं की भलत्या वेळी भडका उडतो, रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो. आणि "डिझेल गोठलं" ही थाप आमच्याकडे तरी मारू नका. ते दुखणं लडाखचं. त्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तिकडे उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं डिझेल आणलं.

बिलावर बदललेल्या भागांची यादी असते, तपासणीची एक ओळ नसते. सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्ट किती उरले, धूर कोणत्या रंगाचा, कितवा हीटर मेलेला, हे लिहून मिळाल्याशिवाय मी आता पैसे देत नाही. काढलेला प्लगही मागून घेतो.