आईच्या गावाला गाडी

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे 84 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला केंद्राने 2019 साली मंजुरी दिली. शेजारी बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी 1897 पासून धावत होती. तुळजापूरकर मात्र सोलापूरला उतरून एसटीच शोधत राहिले. मला काळजी आहे ती वेळापत्रकाची. नवरात्रातल्या जादा गाड्यांचा गाजावाजा होईलच. (कोजागरीला सोलापूरहून चालत येणारे तेव्हाही चालतच येतील!) पण कॉलेज, दवाखाना, बाजार यांसाठी रोज सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारी साधी पॅसेंजर कुणी मागतंय का? शिवाय बायकांना 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. रेल्वेची गाठ त्या भाड्याशी आहे.