घरच्याचे 'स्वागत'!

११ ऑगस्ट २००६. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला, केंटकीच्या सीमेलगत ब्रेक्स येथे सिनेटर जॉर्ज ॲलन यांची प्रचारसभा चालू होती. समोर गौरवर्णीय समर्थकांचा मेळा आणि त्यात कॅमेरा घेऊन उभा असलेला, भारतीय वंशाचा अवघा २० वर्षांचा विद्यार्थी. प्रतिस्पर्धी उमेदवार जिम वेब यांच्या वतीने ॲलन यांची भाषणे चित्रित करणे, एवढेच त्याचे काम. ॲलन यांनी त्याच्याकडे बोट दाखवून त्याला दोनदा 'मकाका' म्हटले आणि 'अमेरिकेत, व्हर्जिनियाच्या खऱ्याखुऱ्या जगात' त्याचे स्वागत करण्याचे आवाहन श्रोत्यांना केले. श्रोते हसले.

मकाका ही माकडाची एक जात. आफ्रिकेतील युरोपीय वसाहतवाल्यांनी तेथील लोकांना हिणविण्यासाठी हा शब्द वापरला. हनुमंताच्या उपासकांना माकडाचे वावडे नाही. पण शब्दाचे विष कोशात नसते, उच्चारणाऱ्याच्या दृष्टीत असते. या शब्दाचा अर्थच आपणांस ठाऊक नव्हता, असा खुलासा ॲलन यांनी केला. पुढे त्या तरुणाची क्षमाही मागितली.

तथापि, त्या शब्दापेक्षाही ते 'स्वागत' अधिक जिव्हारी लागणारे होते. तो तरुण व्हर्जिनियातच जन्मला, तेथेच वाढला, तेथीलच विद्यापीठात शिकत होता. ॲलन यांचा जन्म मात्र कॅलिफोर्नियातला! बाहेरून आलेल्याने घरच्याचे स्वागत करावे, ते केवळ घरच्याचा वर्ण सावळा म्हणून?

हे व्हर्जिनियात घडावे, यालाही इतिहास आहे. इंग्रजांच्या या वसाहतीत १६१९ साली आफ्रिकी बंदिवान विकले गेले. यादवी युद्धात गुलामगिरीच्या रक्षणासाठी फुटून निघालेल्या राज्यांची राजधानी येथील रिचमंडमध्ये होती. आंतरवर्णीय विवाहाला गुन्हा ठरविणारा येथील कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तो १९६७ साली.

त्याच प्रचारकाळात आणखी एक गोष्ट उघड झाली. ॲलन यांच्या मातोश्री ट्युनिसच्या ज्यू कुटुंबातील. त्यांच्या वडिलांना नाझींनी तुरुंगात डांबले होते. त्या भयापोटी या माउलीने आपले मूळ मुलांपासूनही दडवून ठेवले होते. वंशद्वेषाची झळ सोसलेल्या मातेच्या पुत्राने दुसऱ्याच्या मुलाला परका ठरवावे, ही या निवडणुकीतील खरी शोकांतिका होय.

७ नोव्हेंबर २००६ रोजी मतदान झाले. सुमारे २३ लाख ७० हजार मतांपैकी जेमतेम ९ हजार ३०० मतांच्या फरकाने वेब विजयी झाले आणि सिनेटमधील बहुमताचे पारडे डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकले. २००८ च्या अध्यक्षपदासाठी ज्यांचे नाव घेतले जात होते, ते ॲलन पराभूत झाले. इराक युद्धाविषयीची नाराजी हेही पराभवाचे मोठे कारण होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु इतक्या निसटत्या लढतीत ते शब्द महाग पडले, हे नाकारता येणार नाही.

पुढे २०२४ मध्ये याच राज्यातून सुहास सुब्रमण्यम अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी भगवद्गीतेवर हात ठेवून शपथ घेतली. गीता हाती घेण्यासाठी त्यांना व्हर्जिनिया सोडावे लागले नाही, की व्हर्जिनियाचे होण्यासाठी गीता.

आज कितीतरी मराठी कुटुंबांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. त्यांना कोणी परके म्हटले, तर आपला संताप रास्तच ठरेल. पण तो संताप प्रामाणिक आहे की नाही, याची परीक्षा आपल्या घरातच होते. पुण्यात शिकावयास आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्याला उद्देशून रस्त्यात कोणते शब्द उच्चारले जातात? विवाहाच्या जाहिरातीत 'गोरी'च वधू का हवी असते? ब्रेक्सच्या त्या सभेत बोलणारा एकच होता. हसणारे अनेक होते. आपण निदान त्या हसणाऱ्यांत तरी नसावे.