टकटक कोठून येते?

गेल्या पंधरवड्यांत अमरावतीहून अकोल्यास जातांना मूर्तिजापूर मागें पडतांच आमची जुनी मोटार टकटक करूं लागली. अकोल्याच्या मोटारविक्रेत्यानें झांकणही न उघडतां निर्णय दिला : कनेक्टिंग रॉडचें बेअरिंग गेलें, इंजिन उतरवावें लागेल. चिरंजीव पैसे मोजावयास सिद्ध! पण हेतूवांचून अनुमान आम्हांस मान्य नाहीं. ओळखीच्या मिस्त्रीकडून एकेका सिलिंडरच्या प्लगची तार काढवून इंजिन चालवून पाहिलें. बेअरिंग सैल असतें, तर त्या सिलिंडरांतील स्फोट थांबतांच ठोका मंदावला असता. (न्यायशास्त्रांतील व्यतिरेक तो हाच.) चारही वेळां टकटक तशीच! मग फीलर गेज लावलें; एका झडपेच्या टॅपेटचें अंतर वाढलेलें निघालें. तें बेतांत आणतांच आवाज बंद. विक्रेत्यास हें कळविलें, तर तो म्हणतो, "मास्तर, मोटारींतलें तुम्हांला काय कळतें?"