अंधारातही चालणारे घड्याळ

रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा गाढ झोप का लागत नाही? उत्तराचा एक धागा आम्हाला समुद्री गोगलगायीत सापडतो. १९६९ साली अमेरिकेत जॅकलेट या शास्त्रज्ञाने अ‍ॅप्लिसिया जातीच्या गोगलगायीचा डोळा काढून अंधारात ठेवला. तरीही त्याच्या मज्जातंतूतले विजेचे संकेत दिवसाच्या वेळी वाढत, रात्री मंदावत! पेशीत काही प्रथिने साचतात, साचली की स्वतःचीच निर्मिती थांबवतात, मग विरतात. हा फेरा सुमारे २४ तासांचा. माशीतील या शोधाला २०१७ चे नोबेल मिळाले. गोगलगायींच्या मज्जापेशींतही तशी प्रथिने आढळली. माणसातही तीच तऱ्हा. हे घड्याळ उजेडावर लागते. म्हणून मायबहिणींनो, दिवसा झोपणाऱ्याला आळशी म्हणू नका; खिडकीला जाड पडदा लावा.